मॅजिकच्या टेबलावर नियमांचा आणि टायमिंगचा वाद कसा सोडवायचा

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात ग्रिझली बेअर्स हे दोन मॅनाचं (मॅना म्हणजे कार्ड टाकायला लागणारी ऊर्जा) साधं २/२ क्रीचर, म्हणजे पॉवर दोन आणि टफनेस दोन; टफनेसइतकं डॅमेज झालं की ते मरतं. त्यावर जायंट ग्रोथ टाकलं की टर्न संपेपर्यंत +३/+३ मिळतात. समोरच्याच्या हातात लाइटनिंग बोल्ट आहे, म्हणजे तीन डॅमेज. अस्वल जगलं की मेलं? एवढ्याच माहितीवर याचं उत्तर देता येत नाही. बोल्ट आधी पडला आणि त्याला उत्तर म्हणून ग्रोथ आलं, तर अस्वल आधी ५/५ होतं आणि तीन डॅमेज पचवून उभं राहतं. ग्रोथ आधी पडलं आणि त्याला उत्तर म्हणून बोल्ट आला, तर २/२ अस्वल तिथेच मरतं आणि ग्रोथला टार्गेटच उरत नाही. कार्डं तीच, अस्वलही तेच.

टेबलावरचे बहुतेक वाद याच जातीचे असतात. दोघंही आपापलं कार्ड पुढे करून ‘वाच ना, काय लिहिलंय’ म्हणत राहतात आणि दोघांचंही वाचन बरोबर असतं. खेळ नेमका कुठे थांबलाय, यावर मात्र त्यांचं एकमत नसतं. म्हणून मी कार्ड नंतर वाचतो, आधी क्षण पक्का करतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. उदाहरणं मॅजिक: द गॅदरिंगची आहेत, दुसऱ्या खेळांबद्दल शेवटाकडे थोडं.

पहिली पायरी: हात आवरा, क्षण पक्का करा

वाद सुरू झाला की कुणीही कार्डं हलवायची नाहीत. टॅप केलेली (वापरली म्हणून आडवी केलेली) लँड, ग्रेव्हयार्डात (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) गेलेलं कार्ड, कागदावर खोडलेला लाइफचा आकडा हे सगळे पुरावे असतात. उत्साहाच्या भरात कुणीतरी ‘बरं, मागे घेऊ’ म्हणत अर्ध्या गोष्टी परत फिरवतो आणि मग मूळ स्थिती काय होती हाच नवा वाद होतो.

मग चार गोष्टी मोठ्याने बोलायच्या. टर्न कुणाचा? स्टेप कोणती? स्टॅकवर, म्हणजे टाकलेल्या पण अजून न घडलेल्या स्पेल आणि ॲबिलिटींच्या ढिगावर, काय काय आहे आणि कोणत्या क्रमाने? प्रायोरिटी, म्हणजे आत्ता काही करायची पाळी, कुणाकडे? स्टॅक नुसता डोक्यात ठेवू नका. स्पेलची कार्डं एकावर एक थोडी सरकवून मधोमध ठेवा, ॲबिलिटीसाठी एखादा फासा किंवा चिठ्ठी ठेवा. निम्मे वाद एवढ्यानेच मिटतात.

स्टेपबद्दल हे पाठ असू द्या: अनटॅप, अपकीप, ड्रॉ, पहिला मेन फेज, कॉम्बॅटच्या पाच स्टेप्स, म्हणजे सुरुवात, अटॅकर जाहीर करणं, ब्लॉकर जाहीर करणं, डॅमेज आणि शेवट, दुसरा मेन फेज, एंड स्टेप आणि क्लीनअप. यांपैकी अनटॅपमध्ये कुणालाच प्रायोरिटी मिळत नाही आणि क्लीनअपमध्ये सहसा मिळत नाही. त्यामुळे ‘तू अनटॅप करायच्या आधी, पण तुझ्या टर्नमध्ये’ असा क्षणच अस्तित्वात नाही. जे करायचं ते आदल्या एंड स्टेपमध्ये करा, नाहीतर अपकीपमध्ये.

प्रायोरिटीचा नियम छोटा आहे, परिणाम मोठे आहेत. सगळ्या खेळाडूंनी लागोपाठ पास केलं तरच स्टॅकवरची सर्वांत वरची गोष्ट रिझॉल्व्ह होते, म्हणजे तिचा परिणाम घडतो. स्टॅक रिकामा असेल तर स्टेप संपते. आणि काहीही रिझॉल्व्ह झालं की प्रायोरिटी पहिल्यांदा ज्याचा टर्न आहे त्याच्याकडे जाते. प्लेन्सवॉकर, म्हणजे लॉयल्टीचे काउंटर (खुणेच्या सोंगट्या) वाढवून किंवा कमी करून ॲबिलिटी वापरणारं कार्ड, त्याच्या बाबतीत हे नेहमी चुकतं. समोरच्याचा प्लेन्सवॉकर रिझॉल्व्ह झाला आणि तुम्ही म्हणालात, ‘तू ॲबिलिटी वापरायच्या आत मी बोल्ट मारतो.’ नाही मारता येत. प्रायोरिटी त्याच्याकडे आहे, तो आधी लॉयल्टी ॲबिलिटी वापरणार. तुम्ही त्या ॲबिलिटीला उत्तर देऊ शकता, पण लॉयल्टीचे काउंटर वाढवणं किंवा कमी करणं ही तिची किंमत असते आणि ती तोवर चुकती झालेली असते.

दुसरी नेहमीची ठिणगी कॉम्बॅटच्या तोंडावर उडते.

‘मी या दोघांनी अटॅक करतो.’

‘थांब, अटॅकच्या आधी मी मोठ्याला टॅप करतो.’

‘आता कसं? अटॅक जाहीर झाला की!’

अटॅक रोखायला टॅप करायचं असेल तर ते कॉम्बॅटच्या सुरुवातीच्या स्टेपमध्येच, म्हणजे अटॅकर जाहीर व्हायच्या आधी व्हायला हवं. पहिल्या खेळाडूने ‘कॉम्बॅटला जातो’ असं म्हणून एक श्वास थांबायला हवं होतं. तो थांबलाच नाही, थेट क्रीचर आडवी केली, तर समोरच्याची संधी त्याने गिळली आहे आणि तेवढं मागे घ्यायला लावण्यात काही गैर नाही. पण तो थांबला होता, तुम्ही मान डोलावली आणि अटॅकर पाहून बेत बदलला, तर गाडी गेली. टूर्नामेंटचे नियम इथे मदतीला येतात: पहिल्या मेन फेजमध्ये रिकाम्या स्टॅकवर समोरच्याने पास केलं आणि तुम्ही काही केलं, तर ते कॉम्बॅटच्या सुरुवातीला केलं असं सहसा धरलं जातं. त्याच नियमांत आणखी एक शॉर्टकट आहे. स्टॅकवर काही टाकलं आणि वेगळं सांगितलं नाही, तर तुम्ही प्रायोरिटी पास केली असं समजतात. स्वतःच्याच स्पेलवर दुसरा स्पेल टाकायचा असेल तर ‘प्रायोरिटी माझ्याकडे ठेवतो’ हे आधी बोला.

दुसरी पायरी: आजचा मजकूर वाचा

हातातल्या कार्डावर छापलंय ते अंतिम नसतं. प्रत्येक कार्डाचा एक अधिकृत चालू मजकूर असतो, त्याला ऑरॅकल टेक्स्ट म्हणतात, आणि तो गॅदरर या अधिकृत डेटाबेसमध्ये मिळतो. जुन्या कार्डांवर ‘इंटरप्ट’ असा प्रकार छापलेला दिसेल. १९९९ मध्ये सिक्स्थ एडिशनबरोबर स्टॅक आला आणि तो प्रकार गेला. अशी सगळी कार्डं आता इन्स्टंटसारखीच, म्हणजे उत्तर म्हणूनही टाकता येणाऱ्या स्पेलसारखीच, चालतात.

नियमही बदलतात, आणि इंटरनेटवरची जुनी उत्तरं तशीच पडून राहतात. २००९ पर्यंत कॉम्बॅट डॅमेज स्टॅकवर जायचं. मॅजिक २०१० च्या नियमांनी ते बंद केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स सेटबरोबर ब्लॉकरना रांगेत लावायचा नियमही गेला. आता अटॅकरचा मालक डॅमेजच्या वेळी ब्लॉकरांमध्ये हवं तसं वाटप करतो. त्यामुळे कुणी ठामपणे काही दाखवलं तर आधी त्यावरची तारीख बघा.

तिसरी पायरी: वाक्याची जात ओळखा

खरी मेहनत इथे आहे. कार्डावरच्या प्रत्येक वाक्याची जात ठरलेली असते आणि ती एकदा कळली की उत्तर देता येईल का, कधी देता येईल, हे आपोआप कळतं.

वाक्यात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब असतील तर ती ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी. टिंबांच्या डावीकडे किंमत, उजवीकडे परिणाम. किंमत देणं स्टॅकवर जात नाही, त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. व्हिसेरा सीअरची ॲबिलिटी अशी आहे: एक क्रीचर सॅक्रिफाइस करा (स्वतःहून बळी द्या), मग स्क्राय १, म्हणजे डेकचं वरचं एक कार्ड बघा. समोरच्याने तुमच्या क्रीचरवर मर्डर हा क्रीचर मारणारा स्पेल टाकला, तुम्ही तेच क्रीचर सीअरला देऊन टाकलं. ‘मी सॅक्रिफाइसच्या आधी मारतो’ हे त्याला म्हणता येणार नाही, कारण तुम्ही ॲबिलिटी जाहीर केलीत तोवर किंमत चुकती झालेली असते. मर्डरचं टार्गेट गेलं, त्यामुळे तो रिझॉल्व्हच होत नाही. इलेक्ट्रोलाइझसारख्या स्पेलमध्ये हे जास्त झोंबतं: तो दोन डॅमेज वाटतो आणि एक कार्ड देतो, पण त्याची सगळी टार्गेट्स बेकायदा झाली तर कार्डही मिळत नाही. दोनपैकी एक टार्गेट शाबूत असेल तर मात्र उरलेलं सगळं होतं, कार्डासकट.

याच जातीतला दुसरा गैरसमज, टॅप होऊन एक डॅमेज देणाऱ्या क्रीचरचा: ‘मी प्रॉडिगल सॉर्सररलाच मारला, मग त्याचं एक डॅमेज कसं लागलं?’ ॲबिलिटी स्टॅकवर गेली की ती ज्या कार्डाची आहे त्यापासून सुटी होते. सॉर्सररला मारून तुम्ही पुढची वेळ वाचवलीत, ही नाही.

‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘ॲट’ने सुरू होणारं वाक्य म्हणजे ट्रिगर. ट्रिगर घडतो त्याच क्षणी स्टॅकवर जात नाही. पुढच्या वेळी कुणाला प्रायोरिटी मिळायची असेल तेव्हा जातो. स्पेल कास्ट केल्यावर होणारा ट्रिगर त्या स्पेलच्या वर बसतो, म्हणून तो आधी रिझॉल्व्ह होतो. इन्स्टंट टाकला की समोरच्याला दोन डॅमेज देणारं गटरस्नाइप असताना तुम्ही बोल्ट टाकला आणि समोरच्याने तो काउंटरस्पेलने अडवला, तरी गटरस्नाइपचे दोन डॅमेज चुकत नाहीत. बोल्ट कास्ट झाला होता, ट्रिगरला तेवढंच हवं होतं.

ट्रिगरच्या लगेच मागे स्वल्पविराम आणि ‘इफ’ असेल तर सावध व्हा. अशी अट दोनदा तपासली जाते: ट्रिगर होताना आणि रिझॉल्व्ह होताना. फेलिडार सॉव्हरिन म्हणतो की तुमच्या अपकीपच्या सुरुवातीला ४० किंवा जास्त लाइफ असेल तर तुम्ही जिंकलात. तुमच्याकडे ४१ आहेत, ट्रिगर स्टॅकवर गेला, समोरच्याने बोल्ट तुमच्यावर मारला, ३८ झाले. ट्रिगर रिझॉल्व्ह व्हायला आला तेव्हा अट खोटी ठरली. काहीच होत नाही. अपकीप सुरू होतानाच ३९ असते तर ट्रिगर झालाच नसता, त्यामुळे त्याला उत्तर म्हणून लाइफ वाढवायचा प्रश्नही आला नसता.

‘इन्स्टेड’ असलेलं वाक्य ही तिसरी जात, रिप्लेसमेंट. इथे घटना घडायच्या आधीच बदलली जाते, स्टॅक नाही, उत्तर नाही. रेस्ट इन पीस टेबलावर असेल तर मरणारं क्रीचर ग्रेव्हयार्डात न जाता एक्झाइल होतं, खेळाबाहेर ठेवलं जातं. म्हणजे नियमांच्या भाषेत ते मेलंच नाही, आणि ‘डाइज’ म्हणणारा एकही ट्रिगर होत नाही. ‘आधी ग्रेव्हयार्डात जाऊन मग एक्झाइल’ असं दोन टप्प्यांत काही घडत नाही. एखादं कार्ड ‘ॲज एंटर्स’ म्हणत काही निवडायला लावत असेल तर तेही याच घरातलं. क्लोन कुणाची नक्कल करणार हे तो रिझॉल्व्ह होताना ठरतं, आणि निवड ऐकून मग त्या क्रीचरला मारायची सवलत नाही. मारायचं असेल तर क्लोन स्टॅकवर असतानाच, अंदाजाने.

एकाच घटनेवर दोन रिप्लेसमेंट लागू होत असतील तर क्रम कोण ठरवतो? ज्याच्यावर परिणाम होतोय तो खेळाडू, किंवा ज्या वस्तूवर होतोय तिचा कंट्रोलर. तुमच्याकडे हार्डन्ड स्केल्स आहे, ते तुमच्या क्रीचरवर येणाऱ्या +१/+१ काउंटरांत एकाची भर घालतं. शिवाय डबलिंग सीझन आहे, ते काउंटर दुप्पट करतं. एक काउंटर यायचा आहे. आधी भर, मग दुप्पट केलं तर चार; उलट केलं तर तीन. क्रीचर तुमचं, निवड तुमची, आणि चार सोडून कुणी तीन घेताना मी पाहिलेलं नाही.

यांत न बसणारं, नुसतं विधान करणारं वाक्य म्हणजे स्टॅटिक ॲबिलिटी. ती कार्ड टेबलावर आहे तोवर लागू. आणि लँड खेळणं व मॅना ॲबिलिटी या दोन गोष्टी स्टॅकवर जातच नाहीत: लॅनोवार एल्व्ह्जने मॅना काढताना तुम्ही त्याला मध्येच मारू शकत नाही.

चौथी पायरी: वरून खाली, एकेक करून

आता स्टॅक उलगडायचा. नियम सोपा: शेवटी आलेलं आधी. पण प्रत्येक गोष्ट रिझॉल्व्ह झाल्यावर थांबायचं, कारण पुन्हा सगळ्यांना प्रायोरिटी मिळते. आणि एखादी गोष्ट रिझॉल्व्ह होत असताना, तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या वाक्याच्या मधे, कुणालाही काही करता येत नाही.

ऑब्लिव्हियन रिंग हे इथलं उत्तम धडा देणारं कार्ड. ते २००७ च्या लॉर्विन सेटमध्ये आलं. त्यात दोन वेगळे ट्रिगर आहेत: आल्यावर दुसरा एखादा नॉनलँड पर्मनंट (लँड सोडून टेबलावरचं कुठलंही कार्ड) एक्झाइल करा, गेल्यावर तो परत द्या. समोरच्याची रिंग आली, पहिला ट्रिगर तुमच्या आवडत्या क्रीचरवर स्टॅकला लागला. तुमच्या हातात रिंगसारखी कार्डं फोडणारा डिसएन्चंट आहे. घाबरून लगेच रिंग फोडलीत तर काय होतं बघा. रिंग गेली, म्हणून दुसरा ट्रिगर झाला आणि पहिल्याच्या वर बसला. तो आधी रिझॉल्व्ह झाला: परत द्यायला अजून काहीच नाही. मग पहिला रिझॉल्व्ह झाला: क्रीचर एक्झाइल. परत आणणारा ट्रिगर तर होऊन गेला. क्रीचर कायमचं गेलं, आणि ते तुमच्याच डिसएन्चंटमुळे. पहिला ट्रिगर रिझॉल्व्ह होऊ द्यायचा, मग रिंग फोडायची, हा शहाणा मार्ग.

२०१४ चं बॅनिशिंग लाइट बघायला तसंच, पण त्यात ‘ते कार्ड जाईपर्यंत’ असा एकच ट्रिगर आहे. ट्रिगर रिझॉल्व्ह व्हायच्या आत लाइट फोडलं तर काहीच एक्झाइल होत नाही. म्हणजे तोच डिसएन्चंट, तोच क्षण, आणि इथे लगेच वापरणंच बरोबर. ‘दोन्ही सारखीच आहेत’ असं म्हणणाऱ्याला दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचायला द्या.

पाचवी पायरी: मधली तपासणी विसरू नका

स्टेट-बेस्ड ॲक्शन हे लांबलचक नाव असलेलं प्रकरण बरेच जण वगळतात आणि इथेच फसतात. कुणालाही प्रायोरिटी मिळायच्या आधी खेळ स्वतः एक नजर फिरवतो: कुणाचं लाइफ शून्य किंवा कमी आहे का, कुणी रिकाम्या डेकमधून कार्ड ओढायचा प्रयत्न केला का, कुणावर दहा पॉयझन काउंटर झालेत का, कुठल्या क्रीचरची टफनेस शून्यावर आली का, पुरेसं डॅमेज झालं का, एकाच नावाचे दोन लेजंडरी एकाकडे आहेत का. जे जे सापडेल ते सगळं एकदम घडतं, मग पुन्हा तपासणी, आणि काहीच सापडेनासं झालं की ट्रिगर स्टॅकवर जातात. ही तपासणी रिझॉल्व्ह होण्याच्या मधे कधीच होत नाही.

टार्मोगॉइफवर बोल्ट मारण्याचा जुना किस्सा यावरच उभा आहे. टार्मोगॉइफची पॉवर म्हणजे सगळ्या ग्रेव्हयार्डांत मिळून जितके कार्डप्रकार आहेत तितकी, टफनेस त्याहून एक जास्त. ग्रेव्हयार्डांत फक्त लँड आणि क्रीचर आहेत, म्हणजे तो २/३. बोल्टचे तीन डॅमेज त्याला पुरेसे वाटतात. पण बोल्ट रिझॉल्व्ह होतो तेव्हा आधी डॅमेज लागतं, मग शेवटचं काम म्हणून बोल्ट स्वतः ग्रेव्हयार्डात जातो, आणि तपासणी त्यानंतर होते. तोवर ग्रेव्हयार्डात इन्स्टंट हा तिसरा प्रकार आलेला आहे. टार्मोगॉइफ ३/४ झाला, अंगावर तीन डॅमेज, जिवंत.

लाइफलिंकचा (जितकं डॅमेज दिलं तितकं लाइफ मिळण्याचा) वादही असाच सुटतो. तुमचं लाइफ तीन. न अडवलेला अटॅकर तुम्हाला पाच डॅमेज देतो, त्याच वेळी तुमचा लाइफलिंक असलेला ब्लॉकर दुसऱ्या अटॅकरला चार देतो. लाइफलिंक ट्रिगर नाही. लाइफ वाढणं डॅमेजचाच भाग असतं. तीनमधून पाच गेले, चार आले, तपासणीच्या वेळी तुमच्याकडे दोन आहेत, खेळ चालू. आता ब्लॉकरवर लाइफलिंकऐवजी स्पिरिट लिंक आहे असं धरा. त्यावर ‘व्हेनेव्हर’ आहे, म्हणजे ट्रिगर. डॅमेज लागलं, लाइफ उणे दोन, तपासणी झाली, तुम्ही हरलात. ट्रिगर स्टॅकवर जायची वेळच आली नाही.

एकाच वेळी बरेच ट्रिगर झाले तर

ज्याचा टर्न आहे तो आपले ट्रिगर हव्या त्या क्रमाने आधी स्टॅकवर ठेवतो, मग दुसरा त्याचे वर ठेवतो. आधी ठेवणं म्हणजे खाली जाणं, म्हणजे उशिरा रिझॉल्व्ह होणं. दोघांकडेही ब्लड आर्टिस्ट आहे (क्रीचर मेलं की तो एका खेळाडूचं एक लाइफ कमी करतो), दोघांचंही लाइफ एक, आणि कुठलंसं क्रीचर मेलं. दोन्ही ट्रिगर एकमेकांवर रोखलेले. टर्न तुमचा असेल तर तुमचा ट्रिगर खाली, त्याचा वर. त्याचा आधी रिझॉल्व्ह होतो, तुमचं लाइफ शून्य, तपासणी, संपलं. स्वतःच्या टर्नमध्ये असणं इथे तोट्याचं आहे, आणि ‘टर्न माझा म्हणून माझं आधी’ हा युक्तिवाद नेमका उलटा आहे.

‘एंड ऑफ टर्न’चे दोन अर्थ

‘अंटिल एंड ऑफ टर्न’ क्लीनअपमध्ये संपतं, आणि डॅमेज पुसलं जाणं त्याच क्षणी होतं. म्हणून सुरुवातीचं ५/५ अस्वल ग्रोथ उतरताना मरत नाही. ‘एंड स्टेपच्या सुरुवातीला’ हे मात्र ट्रिगर आहे आणि तो क्षण एकदा गेला की गेला. स्नीक अटॅकने आणलेलं क्रीचर पुढच्या एंड स्टेपच्या सुरुवातीला सॅक्रिफाइस करायचं असतं. तुम्ही ते समोरच्याच्या एंड स्टेपमध्ये, ती सुरू झाल्यानंतर आणलंत, तर ‘पुढची’ एंड स्टेप तुमच्या टर्नची. क्रीचर तुमचा अख्खा टर्न तुमच्याकडे राहतं. समोरचा चिडेल, पण खेळी कायदेशीर आहे.

सहावी पायरी: लेअर

दोन-तीन सतत लागू असलेले इफेक्ट एकाच वस्तूवर भांडत असतील तरच इथे या. असे इफेक्ट थराथराने लावतात, तेच लेअर. क्रम असा: नक्कल, कंट्रोल, मजकूर, प्रकार, रंग, ॲबिलिटी, आणि सातवा पॉवर-टफनेस. सातव्याच्या आत आकडा ‘ठरवणारे’ इफेक्ट आधी, ‘वाढवणारे-घटवणारे’ नंतर, मग ते कधीही आलेले असोत. अस्वलावर जायंट ग्रोथ, त्यानंतर क्रीचरला १/१ बेडूक करणारा टर्न टू फ्रॉग. फ्रॉग नंतर आला म्हणून अस्वल १/१ होईल असं वाटतं. होत नाही. १/१ हा पाया ठरतो, त्यावर +३/+३ बसतात, आणि बेडूक ४/४ असतो.

एकाच लेअरमध्ये साधारणपणे आधी आलेला इफेक्ट आधी लागतो, पण एकामुळे दुसरा लागूच होणार की नाही हे ठरत असेल तर ज्याच्यावर अवलंबून आहे तो आधी. ब्लड मून सगळ्या नॉनबेसिक (साध्या मूळ लँड सोडून बाकीच्या) लँडना माउंटन करतो. अर्बॉर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ प्रत्येक लँडला स्वॅम्पही करतं. अर्बॉर्ग स्वतः नॉनबेसिक आहे, ब्लड मून त्याची ॲबिलिटीच काढून घेतो. म्हणून कुठलंही आधी आलेलं असो, अर्बॉर्ग नुसतं माउंटन होऊन बसतं.

तरीही अडलंच तर

कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स हा दस्तऐवज अडीचशेहून अधिक पानांचा आहे. तो सुरुवातीपासून वाचायला घेऊ नका. धडा ५ मध्ये टर्नच्या स्टेप्स. प्रायोरिटी ११७, स्पेल कास्ट करण्याचा क्रम ६०१, ट्रिगर ६०३, रिझॉल्व्ह होणं ६०८, लेअर ६१३, रिप्लेसमेंट ६१४ आणि त्यांची टक्कर ६१६, स्टेट-बेस्ड ॲक्शन ७०४. एवढे आकडे जवळ असले की बाकी शोध दोन मिनिटांचा. कार्ड आणि नियम यांत विरोध दिसला तर कार्ड वरचढ. एक इफेक्ट ‘करता येतं’ म्हणतो आणि दुसरा ‘करता येत नाही’ म्हणतो, तर ‘नाही’ जिंकतं.

टूर्नामेंटमध्ये मात्र स्वतः न्यायाधीश होऊ नका, जजला बोलवा. समोरचा वाईट मानेल म्हणून बोलवायचं टाळणं हा निव्वळ भिडस्तपणा आहे. त्याला काय विचारता ते महत्त्वाचं: ‘हा मला फसवतोय’ ऐवजी ‘माझ्या अपकीपमध्ये स्टॅकवर हे दोन ट्रिगर आहेत, वरचा हा, प्रायोरिटी माझ्याकडे, आता मी हे केलं तर खालचा रिझॉल्व्ह होईल का?’ पहिल्या पायरीतल्या चार गोष्टी आल्या की जजला खोदून विचारावं लागत नाही. जज नियम सांगेल, काय खेळावं ते सांगणार नाही. त्याचा निर्णय पटला नाही तर हेड जजकडे अपील करता येतं. चालू स्टेप कोणती आणि लाइफ किती, हे समोरच्याने विचारल्यावर खरं सांगायलाच हवं. पण तुमचा विसरलेला ट्रिगर आठवण करून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही.

दुसरे खेळ

मॅजिकची सवय घेऊन यु-गि-ओमध्ये जाल तर आपटाल. तिथली चेन (मॅजिकच्या स्टॅकची जागा घेणारी साखळी) एकदा रिझॉल्व्ह व्हायला लागली की शेवटपर्यंत जाते, मधे कुणालाही नवा दुवा जोडता येत नाही. इफेक्टला स्पेल स्पीड असतो, १ ते ३. काउंटर ट्रॅपचा स्पीड ३, त्याला फक्त दुसऱ्या काउंटर ट्रॅपनेच उत्तर देता येतं. मिस्टिकल स्पेस टायफूनने साधं स्पेल कार्ड फोडलं तरी त्याचा इफेक्ट होतोच. नष्ट करणं आणि निगेट करणं (इफेक्ट रद्द करणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ पासून तिथला मजकूर विरामचिन्हांवर चालतो: दोन टिंबांच्या आधी अट, अर्धविरामाच्या आधी किंमत किंवा टार्गेट, त्यानंतर इफेक्ट. आणि ‘व्हेन… यू कॅन’ असलेला ऐच्छिक इफेक्ट, ती घटना अगदी शेवटची घडलेली नसेल तर हुकतो. मॉन्स्टर दुसऱ्या इफेक्टची किंमत म्हणून ट्रिब्यूट केला, म्हणजे बळी दिला, तर त्यानंतर तो इफेक्टही रिझॉल्व्ह होतो, ट्रिब्यूट शेवटची घटना राहत नाही, आणि संधी जाते. त्याच जागी ‘इफ’ असेल तर हुकत नाही.

पोकेमॉनमध्ये समोरच्याच्या टर्नमध्ये मधेच बोलायची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे तिथले वाद बहुतेक मजकुराचे असतात. तिथे दुसऱ्या पायरीपासून सुरुवात केली तरी चालतं.